ग्रांट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. रुग्णालय

मुंबईंत भायखळ्याच्या बाजूस, नागपाड्याजवळ, एका विस्तीर्ण आवारांत दोन जुन्या संस्था पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ शेजारीं शेजारीं नांदत आल्या आहेत. एकीला एका गव्हर्नराचें नांव आहे, दुसरीला एका व्यापाऱ्याचें. एक विद्या देते, दुसरी रोग्याला बरें करते. परंतु या दोहोंमधली सीमारेषा पाहणाऱ्याला कधीं सांपडली नाहीं. बोलतांना लोक दोन्हींना मिळून नुसतें 'जे. जे.' म्हणतात. कोंकणांतल्या किंवा देशावरच्या एखाद्या घरीं दुखणें हाताबाहेर गेलें, आणि खासगी डॉक्टराची फी देण्याचें सामर्थ्य नसलें, म्हणजे "जे. जे.ला न्या" असें सांगण्याची रीत कित्येक पिढ्यांपासून पडून गेली आहे.

रुग्णालयाचा इतिहास सांगतांना इमारतींच्या कोनशिला, देणगीदारांच्या रकमा आणि प्राचार्यांची नामावळि यांवर भर देण्याची वहिवाट आहे. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु त्यांच्या मुळाशीं एक प्रश्न असतो, आणि तो कोनशिलेवर कोरलेला नसतो. ज्या काळीं घराबाहेरचें शिजलेलें अन्न कित्येकांना वर्ज्य होतें, त्या काळीं माणसानें आपलें शरीर परकीय सरकारच्या दवाखान्यांत, अनोळखी डॉक्टराच्या हातीं कां द्यावें? इमारत सरकारी हुकुमानें उभी राहते, पगार खजिन्यांतून मिळतात; विश्वास मात्र कोणत्याही अंदाजपत्रकांत मंजूर करून घेतां येत नाहीं. तो मिळवावा लागतो, आणि एकदां मिळाला म्हणून कायम राहतो असेंही नाहीं. जे. जे.ची खरी कथा ही या विश्वासाची कथा आहे.

मुंबई इलाख्यांत पाश्चात्य वैद्यक देशी मुलांना शिकविण्याचा पहिला प्रयत्न १८२६ सालीं झाला. डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखालीं एक लहानशी शाळा निघाली. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचें, त्यासाठीं इंग्रजी पुस्तकांचीं भाषांतरें करावयाचीं, आणि सरकारी चाकरींत उपयोगी पडतील असे साहाय्यक तयार करावयाचे, असा तो बेत होता. अवघ्या सहा वर्षांत, १८३२ सालीं, ही शाळा बंद करण्यांत आली. शाळा गेली, परंतु तिनें एक वाद मागें ठेवला : परकें शास्त्र स्वभाषेंतून शिकवावें कीं इंग्रजींतून? हा वाद या संस्थेच्या इतिहासांत पुनः डोकें वर काढणार होता.

१८३५ सालीं सर रॉबर्ट ग्रांट हे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्याच वर्षीं कलकत्ता व मद्रास येथें वैद्यकीय विद्यालयें निघालीं. मुंबई मात्र मागें राहिली होती. ग्रांटसाहेबांचे खासगी वैद्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे एडिंबरो व पॅरिस येथें शिकलेले, तरुण आणि ध्येयवादी गृहस्थ होते. मुलुखांतील देशी वैद्यकाची स्थिति काय आहे, वैद्य व हकीम कोणत्या पद्धतीनें उपचार करतात, याची या दोघांनीं जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली आणि तिच्या आधारें नव्या विद्यालयाची योजना सिद्ध केली. या वेळीं दृष्टि अधिक दूरची होती. केवळ सरकारी चाकरीपुरते साहाय्यक घडवावयाचे नव्हते. समाजांत स्वतंत्रपणें व्यवसाय करतील आणि युरोपांतील डॉक्टराच्या बरोबरीनें उभे राहतील, असे वैद्य घडवावयाचे होते. योजना कंपनीच्या संचालकांकडे विलायतेस गेली. परंतु ती फळास आलेली पाहण्याचें ग्रांटसाहेबांच्या नशिबीं नव्हतें. ९ जुलै १८३८ रोजीं पुण्याजवळ दापोडी येथें त्यांचें देहावसान झालें. मुंबईच्या नागरिकांनीं सभा भरवून त्यांचें स्मारक करण्याचें ठरविलें, तेव्हां दगडी पुतळ्याऐवजीं त्यांच्या मनांतलें विद्यालयच उभारावें, असा विचार पुढें आला. त्यासाठीं लोकांनीं वर्गणी दिली. सरकारनें स्थापिलेल्या या संस्थेच्या पायांत अशा रीतीनें प्रथमपासूनच लोकांचा पैसा आहे.

विद्यालयाला रुग्णालय हवें होतें. ती उणीव सर जमशेटजी जिजीभाई यांनीं भरून काढली. १७८३ सालीं जन्मलेला हा पारशी मुलगा लहानपणींच पोरका झाला, रिकाम्या बाटल्यांच्या व्यापारांत 'बाटलीवाला' म्हणून ओळखला गेला, चीनच्या सफरी करून कोट्यधीश झाला, आणि १८४२ सालीं 'सर' ही पदवी मिळविणारा पहिला हिंदी गृहस्थ ठरला. त्यानें रुग्णालयासाठीं एक लाख रुपये दिले, आणि कंपनी सरकारनें तितकीच भर घातली. ३ जानेवारी १८४३ रोजीं रुग्णालयाची आणि ३० मार्च १८४३ रोजीं विद्यालयाची कोनशिला बसली. १८४५ सालीं दोन्ही संस्थांचीं दारें उघडलीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जमशेटजींच्या चीनच्या व्यापारांत कापूस होता, तशी अफूही होती. हिंदुस्थानांत पिकलेल्या अफूनें चीनमधलीं असंख्य घरें उद्ध्वस्त केलीं, आणि त्याच व्यापाराच्या नफ्यांतून मुंबईंत गोरगरिबांसाठीं खाटा उभ्या राहिल्या. त्यामुळें दानाची थोरवी नाहींशी होत नाहीं, आणि दानामुळें त्या व्यापाराचें पापही धुतलें जात नाहीं. इतिहासाच्या खातेवहींत जमा आणि नांवें हीं दोन्ही पानें समोरासमोर असतात. एक पान फाडून दुसरें वाचणें हें प्रामाणिकपणाचें लक्षण नव्हे.

डॉ. मोरहेड हे विद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. पॅरिसमध्यें त्यांनीं जी अध्यापनपद्धति पाहिली होती, ती त्यांनीं मुंबईंत आणली. विद्यार्थ्यानें केवळ ग्रंथ पाठ करून चालणार नाहीं. रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून त्यानें नाडी पाहावी, छातीला कान लावावा, रोज घडणारा फरक टिपून ठेवावा, आणि रोगी दगावला तर शवविच्छेदन करून आपलें निदान बरोबर होतें कीं चूक, तें पडताळून पाहावें, असा त्यांचा आग्रह होता. ज्या समाजांत प्रेताला स्पर्श झाला तर स्नान करावें लागे, त्या समाजांतील ब्राह्मण, प्रभु, पारशी व ख्रिस्ती मुलें एका मेजाभोंवतीं उभीं राहून विच्छेदन करूं लागलीं, ही क्रांति लहान नव्हती. रुग्णालयांतील रोग्यांच्या या टिपणांवरून मोरहेड यांनीं हिंदुस्थानांतील रोगांविषयीं एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १८५६ सालीं प्रसिद्ध झाला. त्या ग्रंथाच्या पानोपानीं जे रोगी येतात, ते खलाशी, हमाल, मजूर, भिकारी असे आहेत. फी देण्यास ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, त्यांनीं आपल्या दुखण्याच्या रूपानें एका शास्त्राची फी भरली. सार्वजनिक विद्यालयीन रुग्णालयाचा हा मूळचा करार आहे : गरिबानें शिकण्याची संधि द्यावयाची, आणि विद्येनें त्या संधीची परतफेड गरिबाला करावयाची. या कराराची दुसरी बाजू कितपत पाळली गेली, याच मापानें अशा संस्थेची किंमत करावी लागते.

१८५१ सालीं विद्यालयाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत गोव्यांतील मांद्रे गांवीं जन्मलेले भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, अनंत चंद्रोबा होते. या पहिल्या पिढीनें वैद्यकाचा अर्थ फार व्यापक केला. भाऊ दाजींनीं गरिबांसाठीं मोफत दवाखाना चालविला, महारोगावर कवटीच्या बियांच्या औषधाचे प्रयोग केले, आणि त्याच वेळीं शिलालेख, नाणीं व ताम्रपट यांचा उलगडा करून प्राचीन इतिहासाच्या संशोधकांत मानाचें स्थान मिळविलें. बाँबे असोसिएशनच्या कार्यांत ते अग्रभागीं होते, आणि दोनदां मुंबईचे शेरीफ झाले. राणीच्या बागेंतील ज्या संग्रहालयासाठीं ते झटले, त्याला १९७५ सालीं त्यांचें नांव देण्यांत आलें. आत्माराम पांडुरंगांनीं १८६७ सालीं प्रार्थनासमाजाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. अनंत चंद्रोबांनीं देवी काढण्याच्या कामीं आयुष्य वेंचलें. लोकांच्या मनांतील भीति घालविण्याचें जें कार्य इंग्रज डॉक्टरांना साधलें नसतें, तें या माणसांना साधलें. कारण ते त्याच आळींत राहत, तीच भाषा बोलत, आणि रोग्याच्या घरच्या चालीरीति जाणत.

भाषेचा तो जुना वाद येथें पुनः उभा राहिला. इंग्रजींतून शिकलेले पदवीधर थोडे, आणि मुलूख अफाट. तालुक्यांच्या दवाखान्यांत नेमावयास माणसें कोठून आणावयाचीं? म्हणून १८६१ सालीं कॉलेजांत मराठी व गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग सुरू करण्यांत आले. शिकवावयाचें तर पुस्तकें हवीं, आणि पुस्तकें लिहावयाचीं तर परिभाषा हवी. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या विद्वानांनीं मराठींत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले. हेच सखाराम अर्जुन वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते, आणि १८८३ सालीं स्थापन झालेल्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत ते व आत्माराम पांडुरंग असे दोन हिंदी गृहस्थ होते. पुढें मराठी वर्गाचें काम पुण्याच्या वैद्यकीय शाळेकडे गेलें. १८७८ सालीं निघालेली ती शाळा म्हणजेच आजच्या बैरामजी जिजीभाई वैद्यकीय महाविद्यालयाचें मूळ होय. परंतु काळाच्या ओघांत वरच्या दर्जाचें सर्व शिक्षण इंग्रजींतच स्थिर झालें, आणि मराठी वैद्यकीय ग्रंथांची ती परंपरा क्षीण झाली. रोगी मराठींत दुखणें सांगतो, आणि डॉक्टर इंग्रजींत तें लिहून घेतो. मधल्या भाषांतरांत कांहींतरी सांडतें, ही खंत आजही जाणत्यांच्या मनांत आहे.

विद्यालयाच्या अध्यापकांत हेन्री व्हॅंडाइक कार्टर यांचें नांव विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. शरीररचनेवरील ग्रे यांचा जगप्रसिद्ध ग्रंथ १८५८ सालीं निघाला; त्यांतील चित्रें काढणारे तरुण डॉक्टर ते हेच. ग्रंथ हातीं येण्याच्या सुमारास ते मुंबईस येऊन ग्रांट कॉलेजांत शरीररचना शिकवूं लागले होते. पायाला सूज येऊन आंतून पोखरणारा जो रोग शेतकऱ्यांना व अनवाणी मजुरांना होतो, त्याचा त्यांनीं कसून अभ्यास केला, आणि तो बुरशीसारख्या सूक्ष्म वनस्पतीमुळें होतो असें दाखवून दिलें. महारोगावरही त्यांनीं वर्षानुवर्षें काम केलें. १८७६ ते १८७८ या भीषण दुष्काळांत देशावरून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईंत आले, आणि त्यांच्यांत उलटून उलटून येणाऱ्या तापाची सांथ पसरली. त्या रोग्यांच्या रक्तांत नागमोडी आकाराचे सूक्ष्म जंतु कार्टर यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले. हिंदुस्थानांत जंतुशास्त्राचा पाया घालणाऱ्या कार्यांत या संशोधनाची गणना होते. हे कार्टर पुढें कॉलेजचे प्राचार्य झाले.

इतकें असूनही लोकसंख्येचा अर्धा भाग या विद्येच्या दाराबाहेर होता. परपुरुषाकडून तपासून घेण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या, आणि स्त्रीला डॉक्टर होण्याची सोय मुंबईंत नव्हती. मद्रासनें १८७५ सालींच स्त्रियांना प्रवेश दिला होता. मुंबईंत सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनीं चळवळ करून निधि जमविला, आणि १८८३ सालीं ग्रांट कॉलेजचीं दारें स्त्रियांना मोकळीं झालीं. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठीं समुद्रापार अमेरिकेस निघून गेल्या होत्या. पदवी घेऊन त्या परतल्या, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास त्यांचा अंत झाला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं स्वतंत्र रुग्णालय उभें राहिलें. तें १८८६ सालीं सुरू झालें. इंग्लंडहून आलेल्या डॉ. ईडिथ पीची यांनीं तेथें कामाची घडी बसविली. स्त्रियांनींच स्त्रियांवर उपचार करावयाचे, अशी त्या रुग्णालयाची योजना होती.

या साऱ्या कमाईची कसोटी प्लेगनें घेतली. सप्टेंबर १८९६ मध्यें मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. ते गोव्यांत जन्मलेले आणि ग्रांट कॉलेजांतच शिकलेले होते. पुढच्या कांहीं महिन्यांत अर्धी मुंबई ओस पडली. सरकारनें घरांची झडती, रोग्यांना बळानें रुग्णालयांत नेणें, सामान जाळणें असे कडक उपाय योजले. लोकांत नाना अफवा उठल्या : रुग्णालयांत नेऊन मारतात, देहांतून मोमियाई काढतात. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोड येथील रुग्णालयावर चाल केली. पन्नास वर्षें थेंबाथेंबानें सांठविलेला विश्वास कांहीं आठवड्यांत सांडून गेला. याचें कारण लोकांचें अज्ञान, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. परंतु ज्या क्षणीं डॉक्टराच्या मागें शिपाई उभा राहिला, त्या क्षणीं रोग्याला डॉक्टरांतही शिपाईच दिसूं लागला, हें अधिक खरें आहे.

त्याच ऑक्टोबर महिन्यांत वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रांट कॉलेजच्या पेटिट प्रयोगशाळेंत त्यांना एक खोली व तिच्या बाहेरचा व्हरांडा मिळाला; हाताखालीं एक कारकून आणि तीन नोकर. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं अहोरात्र खपून तीन महिन्यांच्या आंत प्लेगवरील लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील जे कैदी स्वखुषीनें पुढें आले त्यांच्यावर तिचा प्रयोग झाला, आणि टोंचून घेतलेल्यांचें संरक्षण झाल्याचें दिसून आलें. कैद्याची स्वखुषी ही कितपत स्वखुषी, हा प्रश्न आजच्या वैद्यकीय नीतिशास्त्रांत कोणीही विचारील, आणि तो विचारणें योग्य आहे. परंतु लस करणाऱ्यानें पहिली सुई स्वतःला टोंचून घेतली, ही गोष्टही तितकीच खरी आहे. याच जानेवारींत जे. जे. रुग्णालयांतील डॉ. मॅन्सर प्लेगनें दगावले, आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच रोगानें गेली. कॉलेजांतील डॉ. चाइल्ड यांनीं फुप्फुसांत होणाऱ्या या प्लेगचें स्वरूप उकलून दाखविलें. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें गेली, आणि १९२५ सालीं तिला त्यांचें नांव मिळालें. आज परळास असलेल्या त्या विख्यात संस्थेचा जन्म भायखळ्याच्या एका व्हरांड्यांत झाला, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

सांथीनें एक अन्यायही उघडा पाडला. ओळखीच्या डॉक्टरावर लोक विश्वास टाकीत, परंतु कॉलेजांतील व रुग्णालयांतील वरच्या जागा मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं राखलेल्या असत. येथेंच शिकून नांवारूपास आलेल्या हिंदी डॉक्टरांना येथेंच शिकविण्याची संधि क्वचित् मिळे. या वागणुकीला मुंबईनें जें उत्तर दिलें, तें मोठें विधायक होतें. शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनीं नव्या वैद्यकीय महाविद्यालयासाठीं देणगी दिली आणि अट घातली कीं, तेथील अध्यापक हिंदी असावेत. १९२६ सालीं परळास किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय व शेठ गो. सुं. महाविद्यालय सुरू झालें, डॉ. जिवराज मेहता त्याचे पहिले प्रमुख झाले. ग्रांट कॉलेजनें निर्माण केलेल्या आत्मविश्वासानेंच ग्रांट कॉलेजच्या मक्तेदारीला शह दिला. एखाद्या विद्यापीठाच्या यशाचें याहून मोठें प्रमाण सांपडणें कठीण.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९४६ सालीं पुण्याची शाळा महाविद्यालय झाली होती; १९४७ सालीं नागपुरास आणि १९५६ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें निघालीं. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां जे. जे. हें एका इलाख्याचें नव्हे, तर या राज्याचें रुग्णालय झालें. कामा, सेंट जॉर्ज व गोकुळदास तेजपाल हीं रुग्णालयेंही त्याच्या समूहांत होतीं. १,३००हून अधिक खाटांच्या या रुग्णालयांत राज्याच्या कानाकोपऱ्यांतून बिकट अवस्थेंतील रोगी येत राहिले, आणि येथें शिकलेले तरुण जिल्ह्याजिल्ह्यांत जात राहिले. १९९८ सालीं नाशिक येथें आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर कॉलेजचा मुंबई विद्यापीठाशीं १८६० सालापासून असलेला संबंध संपून तें त्या नव्या विद्यापीठाशीं जोडलें गेलें.

या काळांतील एका कार्याचा उल्लेख मुद्दाम केला पाहिजे, कारण तें जुन्या परंपरेचा धागा पुढें नेणारें आहे. याच कॉलेजांत शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनीं १९५०नंतरच्या दशकाच्या अखेरीस जे. जे.मध्यें प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला. ही शस्त्रक्रिया धनिकांच्या सौंदर्यासाठीं आहे असा समज असतांना, त्यांनीं ती महारोग्यांच्या वांकड्या झालेल्या बोटांसाठीं आणि बसक्या झालेल्या नाकांसाठीं वापरली. त्या रोग्यांना सामान्य रुग्णालयांत प्रवेश मिळणेंही कठीण होतें. अंतियांनीं त्यांना इतर रोग्यांच्या बरोबरीनें खाटा दिल्या. भाऊ दाजींचें औषध फोल ठरलें असेल, कार्टर यांच्याजवळ तर औषधच नव्हतें. परंतु शंभर वर्षें एकाच रोगाची पाठ न सोडणारी ही तीन माणसें एकाच विद्यालयाचीं होतीं. पुढें अंतियांच्या ध्यानीं आलें कीं, भायखळ्यास येऊन पोंचणारा रोगी फार उशिरां येतो. म्हणून ते अलिबागजवळच्या मांडवा भागांतील खेड्यांत गेले, आणि तेथील अल्पशिक्षित स्त्रियांना साध्या आजारांचें ज्ञान देऊन त्यांच्याकरवीं गांवाचें आरोग्य सांभाळतां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

नांवें लिहावयाच्या पानावर १९८६ सालची नोंद मोठ्या अक्षरांत करावी लागते. त्या वर्षाच्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांत जे. जे.मध्यें १४ रोगी दगावले. मेंदूवरील अथवा डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठीं त्यांना जें ग्लिसरॉल दिलें गेलें, तें औषधी दर्जाचें नव्हतें. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल हें विष मिसळलेलें होतें. त्यानें त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. याच विषानें १९३७ सालीं अमेरिकेंत शंभराहून अधिक बळी घेतले होते, आणि त्यानंतर तेथील औषधविषयक कायदा बदलला होता. म्हणजे धोका अज्ञात नव्हता. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली. औषधखरेदींतील भ्रष्टाचार, तपासणींतील हयगय आणि सत्तेचा हस्तक्षेप हें सर्व त्या अहवालांत उघडें पडलें. परकीय सरकारच्या दवाखान्यांत विष घालतात, अशी अफवा १८९६ सालीं उठली होती. ती खोटी होती. नव्वद वर्षांनंतर, स्वतःच्या सरकारच्या रुग्णालयांत, निष्काळजीपणानें आणि लोभानें ती खरी करून दाखविली. त्या १४ जणांनीं जुन्या करारावर विसंबूनच तेथें पाऊल ठेवलें होतें.

तरीही लोक येत राहिले, आणि संस्थेनेंही आपलें कर्तव्य सोडलें नाहीं. एड्सच्या रोग्याला घरचे दूर लोटीत, त्या काळांत जे. जे.नें त्याला दारांत घेतलें. १ एप्रिल २००४ रोजीं देशांत या रोगावरील औषधें मोफत देण्यास ज्या थोड्या सरकारी रुग्णालयांतून आरंभ झाला, त्यांत जे. जे. होतें. २०२० सालीं कोरोनाची सांथ आली, तेव्हां समूहांतील रुग्णालयांनीं तो भार उचलला. १६ जानेवारी २०२१ रोजीं लसीकरण सुरू झालें, आणि देशांतच तयार झालेली एक लस मुंबईंत प्रथम जे. जे.मध्येंच टोंचण्यांत आली. हाफकिन यांनीं याच आवारांत स्वतःला सुई टोंचून घेतल्याला त्या वेळीं एकशेंचोवीस वर्षें झालीं होतीं.

आतां या कॉलेजांत दरवर्षीं २५० विद्यार्थी वैद्यकाच्या पहिल्या वर्षांत प्रवेश करतात. त्यांतील पुष्कळ मोठ्या शहरांत खासगी व्यवसाय करतील, कांहीं परदेशीं जातील, आणि कांहीं तालुक्याच्या ठिकाणीं एकट्यानें दवाखाना चालवितील. सर्वांना प्रथम शिकविणारा मात्र एकच असतो : सकाळीं केसपेपरच्या रांगेंत उभा राहिलेला, गांवाहून आलेला, हातांत जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी धरलेला रोगी. तो त्यांना आपली नाडी पाहूं देतो, आपली हकीकत पुनः पुनः सांगतो, आणि शिकाऊ हाताच्या चुका सोसतो. कॉलेजला ज्यांचें नांव आहे ते गव्हर्नर गेले, रुग्णालयाला ज्यांचें नांव आहे ते व्यापारी गेले. या रोग्याचें नांव कोणत्याही कोनशिलेवर नाहीं. त्याला योग्य वेळीं खाट मिळाली, शुद्ध औषध मिळालें, आणि त्याच्या भाषेंत दोन शब्द बोलणारा डॉक्टर मिळाला, म्हणजे १८४५ सालीं झालेला करार त्या दिवसापुरता तरी पाळला गेला, असें समजावें.